खडकाळ किनाऱ्यावरील खेकड्यांची पाहणी: जागा आणि ऋतू यांनुसार नोंद कशी करावी

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर उतरून खेकडे मोजणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. दगड उचलावा, खाली काय आहे ते पाहावे आणि आकडा लिहून घ्यावा. अडचण अशी की त्या वेळी खेकडा जेथे सापडतो ती बहुतेकदा त्याची लपण्याची जागा असते. तो जेथे खातो, फिरतो आणि जोडीदार शोधतो ती जागा भरतीच्या पाण्याखाली गेलेली असते आणि तेव्हा आपण तेथे नसतो. त्यामुळे एखाद्या महिन्यात खेकडे कमी झाले असे विधान करण्यापूर्वी ते खरोखर कमी झाले, की खोल पाण्यात सरकले, की वाढताना जुने कवच टाकण्यासाठी कपारीत दडले, की आपणच त्या दिवशी वेगळ्या वेळी आणि घाईघाईने शोधले, हे वेगळे करता आले पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या याच हेतूने मांडल्या आहेत. पाहणाऱ्याची पद्धत महिनोन्‌महिने तीच राहिली, तरच आकड्यांत दिसणारा बदल खेकड्यांचा आहे असे म्हणता येते.

किनारा उंचीने समजून घ्यावा

भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला खडकाळ भाग वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जातो. सर्वांत वर, जेथे केवळ लाटांचे तुषार पोहोचतात तेथे, खडकाला चिकटलेले दगडफूल आणि बारीक गोगलगायी दिसतात. त्याखाली बार्नाकलचा, म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या लहान कवचधारी प्राण्यांचा, पांढुरका, खरखरीत थर असतो, मग शिंपले, कालवे आणि शैवालाचे आखूड गालिचे येतात, आणि सर्वांत खाली केवळ उधाणाच्या ओहोटीतच उघडा पडणारा दाट शैवालाचा ओला पट्टा लागतो. हे पट्टे समुद्रापासूनच्या अंतरावर ठरत नाहीत. खडक दिवसातून किती वेळ पाण्याबाहेर राहतो यावर ठरतात. म्हणून सरळ उतरत्या कड्यावर चार पट्टे काही पावलांत संपतात आणि सपाट खडकावर तेच पट्टे दूरवर पसरलेले असतात.

पर्यावरणशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नाकलच्या दोन जातींवर केलेले प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या प्राण्याची वरची सीमा बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, तर खालची सीमा स्पर्धक आणि भक्षक ठरवतात, ही मांडणी तेव्हापासून रूढ झाली. खेकडे हिंडते प्राणी असल्यामुळे त्यांना ती जशीच्या तशी लावता येत नाही, तरीही विचाराची सुरुवात तेथूनच करावी. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पेट्रोलिस्थेस या चपट्या, दगडाखाली राहणाऱ्या खेकडेसदृश प्राण्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्यांपैकी पेट्रोलिस्थेस सिंक्टिपीस वरच्या आणि मधल्या पट्ट्यात, तर पेट्रोलिस्थेस एरिओमेरस खालच्या पट्ट्यात राहतो. वर राहणारी जात अधिक उष्णता सोसते, पण तिच्या वस्तीतले तापमान तिच्या सहनशक्तीच्या टोकाच्या इतके जवळ पोहोचलेले असते की आणखी उष्ण दिवस आल्यास सावरायला तिच्याकडे फारशी जागा उरत नाही, असे जोनाथन स्टिलमन यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. वर राहतो म्हणून तो प्राणी निर्धास्त आहे, असे गृहीत धरू नये.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील काही ठळक खडकांची उंची ठरवणे. समुद्र शांत असलेल्या दिवशी पाणी एखाद्या खुणेला नेमके केव्हा टेकते ती वेळ लिहावी आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून त्या वेळची पाण्याची उंची काढावी. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने चढते, म्हणून वादळी हवेत ही मोजणी करू नये आणि शांत हवेतही ती दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करून सरासरी घ्यावी. एकदा दोन-तीन खुणांची उंची निश्चित झाली की पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने बाकीच्या जागांची उंची काढता येते.

जागा आणि प्रश्न

नवशिक्याने एकाच किनाऱ्यापासून सुरुवात करावी, पण त्या किनाऱ्यावर उतार, दगडांचा आकार आणि लाटांचा मारा यांत थोडा फरक असावा. लाटांच्या थेट माऱ्यातला अखंड कातळ आणि त्याच्या आडोशाला साचलेले सुटे दगड यांत सापडणारे खेकडे एकाच उंचीवरही निराळे असतात. अखंड कातळावर भेगांना पकडून राहणारे, चपळ, लांब पायांचे खेकडे अधिक दिसतात. सुट्या दगडांखाली चपटे आणि संथ खेकडे मोठ्या संख्येने मिळतात. दगडांखाली वाळू आहे, गाळ आहे की दुसरा दगड आहे, यानेही मोठा फरक पडतो. दगड वाळूत पूर्ण रुतलेला असेल तर त्याखाली शिरायला जागाच नसते, आणि असा दगड कितीही मोठा असला तरी बहुधा रिकामा निघतो.

प्रश्न लहान ठेवावा. किनाऱ्यावर कोणकोणते खेकडे आहेत ही यादी करणे हा एक उद्देश झाला, आणि दोन-तीन ठरावीक जातींची संख्या उंचीनुसार व महिन्यानुसार कशी बदलते हा दुसरा. पहिल्या उद्देशासाठी सगळीकडे हिंडून शोधावे लागते, तर दुसऱ्यासाठी तीच जागा त्याच रीतीने पुन्हा पुन्हा पाहावी लागते. दोन्ही एकाच फेरीत साधू पाहणारा एकही धड साधत नाही, असे माझे मत आहे. या लेखाचा भर दुसऱ्या उद्देशावर आहे.

किनारा संरक्षित क्षेत्रात येत असल्यास प्राणी हाताळण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी लागते. तिची चौकशी आरंभीच करावी, कारण ती मिळायला वेळ लागतो आणि तोवर एखादा ऋतू निसटून जातो.

दिवस आणि वेळ ठरवणे

ऋतूनुसार बदल दाखवायचा असेल तर किमान एक पूर्ण वर्ष, महिन्यातून निदान एकदा पाहणी करावी. दोन वर्षे झाली तर एखाद्या वर्षाचा अपवाद आणि दरवर्षीचा क्रम यांत भेद करता येतो. अमावास्या व पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाच्या मोठ्या भरती-ओहोट्या येतात आणि त्याच वेळी सर्वांत खालचा पट्टा उघडा पडतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत पाणी थोडेच वरखाली होते. एका महिन्याची फेरी उधाणात आणि पुढच्या महिन्याची भांगात केली, तर खालच्या पट्ट्यातील खेकडे नाहीसे झाल्याचा आभास सहज होतो. म्हणून सर्व फेऱ्या चंद्राच्या एकाच कलेला धरून ठेवाव्यात.

याहून कमी लक्षात येणारा एक सापळा आहे. बहुतेक ठिकाणी लागोपाठच्या दोन ओहोट्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि अनेक किनाऱ्यांवर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. अशा ठिकाणी वर्षाच्या एका भागात अधिक खोल ओहोटी दिवसा येते आणि दुसऱ्या भागात रात्री. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर उन्हाळ्यात ती दिवसा आणि हिवाळ्यात रात्री येते. कित्येक खेकडे अंधारात अधिक हिंडतात, त्यामुळे उन्हाळ्याची दिवसाची मोजणी आणि हिवाळ्याची रात्रीची मोजणी शेजारी ठेवली, तर त्यांतला फरक ऋतूचा आहे की उजेडाचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. आपल्या किनाऱ्याचा वर्षभराचा तक्ता आधीच चाळून हे तपासावे. दिवस-रात्रीची अदलाबदल टाळता येत नसेल, तर दरेक ऋतूत निदान एक फेरी दिवसा आणि एक रात्री करावी, म्हणजे तो फरक मोजून बाजूला काढता येतो.

पाण्याकडे लक्ष

भरती सर्व वेळ सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेब असा की चढण्याचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी चढते. चार मीटरचा चढ असेल तर मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर वर येते आणि सपाट खडकावर ते मागून वळसा घालून परतीची वाट बंद करते. ओहोटीच्या टोकाच्या सुमारे दोन तास आधी वरच्या पट्ट्यापासून काम सुरू करावे, उतरत्या पाण्यामागून खाली जावे आणि पाणी फिरताच परत निघावे. समुद्राकडे पाठ करून बसू नये, एकट्याने जाऊ नये, आणि शैवालावर पकड देणारी बंद पादत्राणे घालावीत. लाटा उंच असतील तर फेरी रद्द करावी व तसे वहीत लिहावे.

साहित्य

फार काही लागत नाही. लांब मोजपट्टी, ५० सेंटिमीटर बाजूची चौकोनी चौकट, व्हर्नियर कॅलिपर, तापमापक, पाण्याची क्षारता मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर, दोन-तीन पसरट बादल्या, पेन्सिल आणि पाण्यात न भिजणारा कागद एवढ्यावर काम भागते. चौकट प्लास्टिकच्या नळीची केली असेल तर तिला छिद्रे पाडावीत, नाहीतर ती डबक्यात तरंगत राहते.

रेषा आणि चौकटी

किनारा उंचीनुसार तीन किंवा चार पट्ट्यांत विभागावा. प्रत्येक पट्ट्यात किनाऱ्याला समांतर रेषा टाकून तिच्यावर चौकटींच्या जागा आधीच काढलेल्या यादृच्छिक अंकांनुसार ठरवाव्यात. जागा खडकावर पोहोचल्यानंतर डोळ्यांनी निवडू नये, कारण माणसाची नजर चांगल्या दिसणाऱ्या दगडाकडे आपोआप जाते आणि मग घनता फुगते. ५० सेंटिमीटर बाजूच्या चौकटीचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होते. प्रत्येक पट्ट्यात दरेक फेरीला अशा निदान दहा चौकटी घ्याव्यात आणि रिकाम्या निघालेल्या चौकटीही शून्य म्हणून लिहाव्यात. शून्य वगळण्याची चूक नवशिक्यांच्या वह्यांत फार आढळते, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही.

चौकटीतला प्रत्येक हलवता येण्याजोगा दगड पाहावा, भेगांत डोकावावे, शैवालाचे झुपके बोटांनी विंचरावे. एका चौकटीला किती वेळ द्यायचा ते आधीच ठरवून सर्व चौकटींना तेवढाच द्यावा. थकलेला माणूस शेवटच्या चौकटी भरभर उरकतो, आणि वर सांगितलेल्या क्रमाने गेल्यास त्या शेवटच्या चौकटी नेहमी खालच्या पट्ट्यातल्याच असतात. त्यामुळे त्या पट्ट्याची संख्या कायमची कमी लागते. यासाठीच प्रत्येक चौकटीची वेळ लिहावी. शिवाय ती जागा पाण्याबाहेर येऊन किती वेळ झाला होता तेही त्यावरून काढता येते.

चौकटीसोबत काही गोष्टी नोंदवाव्यात: दगडांची संख्या व अंदाजे आकार, दगडाखालचा तळ, शैवालाने किती भाग झाकला आहे, आणि दगडाखालचे तापमान. उघड्या खडकाचे आणि दगडाखालच्या ओलाव्याचे तापमान यांत उन्हाळ्याच्या दुपारी इतका फरक पडतो की केवळ हवेचे तापमान लिहिणे निरुपयोगी ठरते. खडकाचा खडबडीतपणा मोजायचा असेल तर बारीक साखळी त्याच्या उंचसखलपणाला धरून टाकावी आणि तिची लांबी दोन टोकांतल्या सरळ अंतराने भागावी. साडेसात मीटर साखळीने पाच मीटर सरळ अंतर कापले तर निर्देशांक दीड येतो. अगदी गुळगुळीत कातळावर तो एकच्या जवळ राहतो. आडोसा जास्त तेथे खेकडे जास्त, एवढेच कारण पट्ट्यापट्ट्यांतल्या फरकामागे आहे का, हे तपासायला हा आकडा कामी येतो.

दगड उलटण्याची रीत

दगडाची समुद्राकडची कड धरून तो आपल्याकडे उचलावा, म्हणजे निसटणारे खेकडे आपल्या पायांत न येता समोर पळतात. दगड उचलताच पहिल्या एक-दोन क्षणांत जे हलते ते आधी मोजावे आणि न हलणारे नंतर शोधावे. उलट्या बाजूला चिकटून राहिलेले लहान खेकडे ओल्या दगडाच्याच रंगाचे असतात आणि एखादा पाय हलवेपर्यंत दिसतच नाहीत, म्हणून दगडाची खालची बाजू नेहमी दोनदा पाहावी. पेट्रोलिस्थेससारखे चपटे प्राणी दगडाबरोबर वर येतात, तर जड कवचाचे खेकडे खालच्या खळग्यात अंग आखडून बसतात.

पाहून झाल्यावर दगड होता त्याच बाजूने, होता त्याच जागी ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि नळ्यांत राहणारे कृमी उन्हात उघडे राहिले तर मरतात, आणि वरचे शैवाल अंधारात दबले तर कुजते. अशा दगडाखाली पुढच्या महिन्यात खेकडे मिळाले नाहीत तर तो ऋतूचा परिणाम नसतो. आधी दगड ठेवावा आणि मग खेकडे त्याच्या कडेला सोडावेत. ते आपसूक आत शिरतात आणि दगडाखाली चिरडले जात नाहीत.

खेकडा हातात घेतल्यावर

खेकड्याला मागच्या बाजूने, पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि तर्जनी लावून धरावे. पाय किंवा नांगी धरून उचलू नये. संकटात सापडलेला खेकडा तो अवयव मुळाशी सोडून देतो आणि नंतर कवच टाकण्याच्या वेळी तो पुन्हा उगवतो, पण तोवर त्याची कमाई घटते. तुटलेले आणि नव्याने उगवत असलेले अवयवही लिहावेत. लाटांचा आणि भक्षकांचा जाच कोठे अधिक आहे, त्याचा तो एक बरा अंदाज देतो.

जात ओळखताना रंगावर विसंबू नये, कारण एकाच जातीत तो फार बदलतो. दोन डोळ्यांमधली कवचाची कड, डोळ्यापासून मागे जाणाऱ्या कडेवरचे दात, नांग्यांची टोके आणि पायांवरचे पट्टे यांकडे पाहावे. मूळच्या युरोपातल्या कार्सिनस मीनास या खेकड्याच्या प्रत्येक डोळ्यामागच्या कडेवर पाच दात असतात. आशियातून उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचलेल्या आणि तेथे १९८८ मध्ये न्यू जर्सीत प्रथम आढळलेल्या हेमिग्राप्सस सँग्विनियसच्या कडेवर तीनच दात असतात आणि पायांवर आडवे पट्टे असतात. पेट्रोलिस्थेस आणि त्याचे आप्त खेकड्यासारखे दिसतात, पण त्यांचे चालण्याचे पाय तीनच जोड्या भरतात. चौथी जोडी बारीक होऊन कवचाखाली दुमडलेली असते, आणि मिशा लांब असतात. त्यांना मोजायचे की वगळायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे आणि नंतर बदलू नये.

खेकडा उलटा केला की पोटावर दुमडलेली उदराची पट्टी दिसते. नरात ती अरुंद आणि टोकदार असते, प्रौढ मादीत रुंद आणि गोलसर. फार लहान पिलांत हा फरक स्पष्ट नसतो. त्यांना अंदाजाने नर किंवा मादी ठरवण्यापेक्षा लहान म्हणून वेगळ्या रकान्यात घालावे. कॅलिपरने कवचाची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. मादीच्या पट्टीखाली अंड्यांचा पुंजका असेल तर त्याचा रंग लिहावा, कारण ताजी अंडी बहुतेक जातींत पिवळी, नारिंगी किंवा तत्सम उजळ रंगाची असतात आणि आतला बलक वापरला जाऊन पिलांचे डोळे दिसू लागले की ती तपकिरी-करडी होतात. त्यामुळे अंडी केव्हा घातली गेली आणि केव्हा फुटतील याचा अंदाज एका फेरीतही बांधता येतो.

येथे थोडे सावध राहावे. काही खेकड्यांच्या पट्टीखाली जो गोळा दिसतो तो अंड्यांचा नसतो. तो सॅक्युलिना या परजीवीचा असतो, आणि हा परजीवी बार्नाकलच्या कुळातला आहे. अंड्यांचा पुंजका भिंगाखाली कणाकणांचा दिसतो, तर सॅक्युलिनाची पिशवी गुळगुळीत आणि सलग असते. ती नराच्या अंगावरही वाढते, आणि ग्रासलेल्या नराची उदरपट्टी मादीसारखी रुंद होऊ लागते. लक्ष न देता मोजणी केली तर असा नर अंडी धरलेली मादी म्हणून वहीत जातो.

जे हाताला लागत नाहीत ते

वरच्या पट्ट्यातले ग्रॅप्सस वंशाचे खेकडे माणसाची सावली पडताच भेगेत शिरतात किंवा थेट पाण्यात उडी घेतात. चौकट टाकेपर्यंत तेथे काहीच उरत नाही आणि आकडा शून्य येतो. त्यांच्यासाठी ठरावीक लांबीचा खडक लांबून दुर्बिणीने पाहावा, हालचाल न करता काही मिनिटे बसावे, आणि एकाच वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहावी. ही संख्या चौकटीतल्या घनतेशी जोडू किंवा तुलनेला ठेवू नये, तिचा तक्ता स्वतंत्र असावा.

भरतीत वर येणाऱ्या खेकड्यांसाठी आमिष लावलेले पिंजरे उपयोगी पडतात, पण पिंजऱ्यात शिरणारे खेकडे म्हणजे भुकेले आणि धीट खेकडे. अंडी धरलेल्या आणि नुकतेच कवच टाकलेल्या माद्या त्यांत क्वचितच सापडतात. पिंजऱ्यावरून काढलेले नर-मादी प्रमाण मी तरी जपूनच वापरीन.

ऋतू कसा वाचावा

वर्षभराचे आकडे हाती आले की चढउतारांची कारणे शोधण्याचा मोह होतो. निदान चार गोष्टी निरनिराळ्या तपासाव्यात.

पहिली म्हणजे स्थलांतर. कार्सिनस मीनासचे प्रौढ खेकडे भरतीबरोबर खाद्य शोधत वर येतात आणि ओहोटीबरोबर खाली परततात, तर लहान खेकडे बव्हंशी किनाऱ्यावरच दगडांखाली राहतात. एर्नेस्ट नेलर यांनी १९५८ मध्ये दाखवले की प्रयोगशाळेत, भरती-ओहोटी नसतानाही, ही हालचालीची लय काही काळ चालू राहते. म्हणजे खेकडा पाण्याच्या स्पर्शावरच नाही तर आतल्या घड्याळावरही चालतो. थंड प्रदेशात हिवाळा आला की हेच प्रौढ खोल पाण्यात उतरतात आणि वसंतात परततात. अशा वेळी किनाऱ्यावरची एकूण संख्या घटते, पण सरासरी आकारही घटतो. मोठेच गेले आणि लहान राहिले, हे आकारांच्या तक्त्यावरून लगेच ओळखता येते. केवळ संख्या लिहिली असती तर मृत्यू आणि स्थलांतर यांत फरक कळला नसता.

दुसरी गोष्ट नव्या पिढीची. अंड्यांतून निघालेली झोइया अवस्थेतली पिले समुद्रात तरंगत वाढतात, मग मेगॅलोपा अवस्थेत किनाऱ्याकडे येतात आणि तेथे कवच टाकून खेकड्याचे रूप घेतात. ही काही मिलिमीटरची पिले मोकळ्या दगडाखाली थोडीच मिळतात. शैवालाच्या आखूड गालिच्यांत आणि शिंपल्यांच्या दाटीत ती अधिक असतात. तो भाग पाण्यात धुऊन एक मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला तरच ती दिसतात. चाळणी न वापरणाऱ्याला नवी पिढी दोन-तीन महिने उशिरा आल्यासारखी वाटते, आणि तो पिलांच्या आगमनाचा काळ चुकीचा ठरवतो.

तिसरी गोष्ट कवच टाकण्याची. त्या काळात खेकडा मऊ आणि असहाय असतो व खोल कपारीत राहतो, म्हणून मोजणीत तो कमी लागतो. त्याच वेळी किनाऱ्यावर रिकामी कवचे वाढतात आणि पाहणारा ती मेलेले खेकडे समजून रोगराईचा निष्कर्ष काढतो. कवच उचलून पाहावे. टाकलेले कवच हलके असते, त्याला कुजका वास येत नाही, आणि मागच्या कडेला ते पेटीच्या झाकणासारखे उघडते, कारण खेकडा तेथूनच मागे सरकत बाहेर पडलेला असतो. मेलेला खेकडा जड लागतो व त्याला वास येतो. रिकाम्या कवचांची महिन्यागणिक मोजणी हा कवच टाकण्याच्या हंगामाचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. कार्सिनससारख्या जातींत मादी कवच टाकून मऊ झाल्यावरच नराशी जुळते, त्यामुळे हा हंगाम कळला की जोड्या दिसण्याचा काळही कळतो.

चौथी गोष्ट हवामानाची आणि खडकाच्या स्वरूपाची. मुसळधार पावसात ओहोटी असेल तर डबक्यांतील क्षारता झपाट्याने उतरते, आणि नदीच्या मुखाजवळ हा परिणाम कित्येक दिवस टिकतो. क्षारता सोसण्याची ताकद जातीजातीत निराळी असल्याने काही खेकडे खाली सरकतात आणि काही जागचे हलत नाहीत. वादळी लाटा सुटे दगड उलटतात, शैवाल उपटतात, कधी खालच्या खडकांवर वाळूचा थर टाकतात आणि पुढच्या हंगामात तोच थर ओढून नेतात. वाळूने दगडांखालच्या पोकळ्या बुजल्या तर त्या पट्ट्यातले खेकडे नाहीसे होतात, पण तो थंडीचा किंवा पावसाचा थेट परिणाम नसतो. चौकटीतला तळ दर वेळी लिहून ठेवला असेल तर हे उलगडते. उष्ण प्रदेशात, जेथे वर्षभर तापमान फारसे बदलत नाही, तेथे ओहोटी भर दुपारी येण्याचे महिने आणि पावसाचे महिने हेच खरे ऋतू ठरतात.

अंडी धरलेल्या माद्यांचा तक्ता वेगळा करावा. कित्येक जातींत त्या खालच्या पट्ट्यात किंवा पाण्याखाली राहतात, म्हणून प्रजननाच्या काळात किनाऱ्यावर नर जास्त दिसतात. हे असमतोल प्रमाण लोकसंख्येचे नसून जागेचे असते.

आकड्यांची मांडणी

समजा, मधल्या पट्ट्यातल्या दहा चौकटींत अनुक्रमे ०, ०, ०, ७, ०, १, ०, ५, ० आणि २ खेकडे सापडले. एकूण १५, म्हणजे चौकटीमागे सरासरी दीड, आणि चौकट पाव चौरस मीटरची असल्याने घनता दर चौरस मीटरला ६ येते. पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, कारण दहापैकी सहा चौकटी रिकाम्या आहेत. या आकड्यांचे प्रचरण, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, सुमारे ६.२८ येते; त्याला सरासरीने भागले की ४.१९ मिळते. खेकडे यदृच्छया विखुरलेले असते तर हा भागाकार एकच्या आसपास आला असता. तो एकपेक्षा बराच मोठा आहे, म्हणजे ते पुंजक्यांनी राहतात. खडकाळ किनाऱ्यावर असेच होणे स्वाभाविक आहे, कारण आडोसाच पुंजक्यांनी असतो. पुंजक्यांच्या अशा आकड्यांवर साध्या सरासरीच्या कसोट्या लावू नयेत. शून्ये आणि पुंजके सांभाळणारी ऋण द्विपद वितरणासारखी (negative binomial) पद्धत वापरावी, किंवा निदान मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि रिकाम्या चौकटींचे प्रमाण सरासरीसोबत छापावे.

नर-मादी प्रमाणाबाबत उतावीळ होऊ नये. चाळीस खेकड्यांत २६ नर आणि १४ माद्या मिळाल्या, तर डोळ्यांना नर जवळजवळ दुप्पट दिसतात. समसमान प्रमाण गृहीत धरून काय-वर्ग (अपेक्षित आणि मिळालेल्या संख्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारा आकडा) काढला तर तो ३.६ येतो आणि पाच टक्क्यांच्या पातळीसाठी लागणाऱ्या ३.८४ पेक्षा कमी भरतो; म्हणजे एवढ्या नमुन्यावरून नर जास्त आहेत असे म्हणता येत नाही.

शेवटी तुलनेचा प्रश्न येतो. एकाच आडोशाच्या खडकावर पन्नास चौकटी आणि एकाच उघड्या कातळावर पन्नास चौकटी घेतल्या, तर त्या शंभर स्वतंत्र नोंदी ठरत नाहीत. आडोसा आणि उघडेपणा यांची तुलना करताना आपल्याकडे प्रत्येकी एकच जागा असते, आणि त्या दोन जागांत इतर पन्नास कारणांनी फरक असू शकतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या या दोषाकडे नेमकेपणाने लक्ष वेधले. लाटांच्या माऱ्याचा परिणाम दाखवायचा असेल तर आडोशाचे तीन-चार आणि उघडे तीन-चार असे वेगवेगळे किनारे घ्यावेत, प्रत्येकावर कमी चौकटी टाकल्या तरी चालेल. आणि तेवढी माणसे व तेवढ्या ओहोट्या हाताशी नसतील, तर आपला निष्कर्ष त्या दोन खडकांपुरताच आहे असे लिहावे.